फोटो वाचता येत नाही

आज आम्ही आमचीच एक चूक सांगणार आहोत.

आमच्या बचत गटात एक ताई आहेत, त्यांना दिसत नाही. हिशोब मात्र आम्हा सगळ्यांपेक्षा पक्का. कुणाचा हप्ता कधी चुकला ते वही उघडायच्या आधी त्या सांगतात. गेल्या पावसाळ्यात आमची शुक्रवारची बैठक बुधवारवर आली. सचिवबाईंनी कागदावर सूचना लिहिली, फोटो काढला आणि व्हॉट्सॲपवर टाकला. बाकी सगळ्यांना कळलं. ताई शुक्रवारी पुतण्याला घेऊन भर पावसात आल्या, तर समाजमंदिराला कुलूप! बुधवारच्या गैरहजेरीचा २० रुपये दंड आम्ही आधीच लिहून ठेवला होता. वर शेळ्यांसाठी कर्ज मागायची त्यांची पाळी होती, तीही पुढच्या महिन्यावर गेली.

आम्हीच उलट विचारलं, "ताई, तुमचा फोन तर वाचून दाखवतो ना?"

त्या म्हणाल्या, "लिहिलेलं वाचतो गं. फोटो आला की नुसतं 'फोटो' म्हणतो."

मग त्यांनीच आम्हाला दाखवलं. फोनमध्ये टॉकबॅक नावाची सोय असते, तिला वेगळे पैसे पडत नाहीत. ती चालू केली की बोटाखाली येईल ते फोन बोलतो, मराठीतसुद्धा. उघडायचं असेल तर दोनदा टिचकी मारायची. पण त्याला टाइप केलेली अक्षरं लागतात. कागदाचा फोटो म्हणजे ताईंच्या फोनच्या लेखी चित्रच.

तेव्हापासून आम्ही सूचना टाइप करतो. ज्यांना टाइप करणं जड जातं, त्या कीबोर्डवरचा माइक दाबून बोलतात, अक्षरं आपोआप उमटतात. पाठवण्याआधी एकदा वाचून बघा हं, आमच्याकडे 'हप्ता' चा 'हत्ता' झाला होता. फोटो पाठवायचाच असेल तर खाली दोन ओळी लिहा, फोटोत काय आहे ते. आणि सुप्रभातच्या निरोपात वीस फुलं लावू नका. फोन एकेका फुलाचं नाव घेत बसतो आणि ताई कामाच्या ओळीची वाट बघत बसतात.

मधे आम्हाला वाटलं, आवाजातच निरोप पाठवले की झालं. तर एका काकूंना कमी ऐकू येतं, त्या मागे राहिल्या. आता लिहूनही पाठवतो आणि बोलूनही. दोन मिनिटं जास्त लागतात, लागू देत.

ही काही मेहेरबानी नाही बरं का. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ साली झाला. त्यात २१ प्रकारचं अपंगत्व धरलं आहे आणि माहिती सगळ्यांना वापरता येईल अशा रूपात द्यावी, हेही त्यात आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आला. ॲसिड हल्ल्यात चेहरा आणि डोळे भाजलेल्या काही जणींना बँकेच्या केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवायला सांगत होते. पापणीच हलत नाही, तर मिचकवणार कशी? अंध व्यक्तीचीही अशीच अडचण. न्यायालयाने सांगितलं की या डिजिटल सोयी वापरता येणं हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि केवायसीची पद्धत सगळ्यांना जमेल अशी करा. तेव्हा अर्ज भरताना कुणी "तुम्हाला नाही जमणार" म्हणालं, तर गटातल्या दोघीजणी सोबत जा आणि दुसरा मार्ग द्या म्हणून मागा.

ताईंचा दंड आम्ही परत केला. कर्जही मिळालं, पण महिनाभर उशिरा. शेळ्यांचा भाव तोवर वाढला होता, तो फरक त्यांनाच सोसावा लागला.

तुमच्या गटात एकदा करून बघा. सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटी उघडा, टॉकबॅक चालू करा आणि डोळे मिटून आपल्याच गटावरचे निरोप ऐका. बंद करताना त्याच बटणाला एकदा स्पर्श करून मग दोनदा टिचकी मारायची, हे आधी लक्षात ठेवा. आम्हाला ठाऊक नव्हतं, तेव्हा बंद करायला ताईंनाच बोलवावं लागलं.