गादी कोणाची आणि जमीन कोणाची?

(अभ्यास शिबिरात संघटनेच्या वतीने केलेले भाषण. गावसमितीच्या बैठकीत वाचून दाखवावे.)



काल रात्री जेवणं झाल्यावर पोरांचा वाद रंगला होता. एक म्हणे, देवगडच्या भावाभावांत भांडण झालं नसतं तर नागपुरात आज आपलं राज्य असतं. दुसरा म्हणे, देवगड आणि चांदा एक झाले असते तर भोसल्यांची काय बिशाद होती! आम्ही पडल्या पडल्या ऐकत होतो. वाद चांगला होता, म्हणून आज तोच विषय घेतो.

शिकलेले लोक म्हणतात, इतिहासात जर-तरला अर्थ नाही. आम्हाला तसं वाटत नाही. बोडीची पाळ वेळेवर बांधली असती तर धान वाचलं असतं, असं आपण म्हणतोच ना? म्हणतो म्हणूनच पुढच्या वर्षी पाळ बांधतो. जर-तर जरूर करावं, पण कशाबद्दल करायचं ते नीट ठरवावं.

आधी काय घडलं ते पाहू. देवगडच्या बख्त बुलंदशहाने नागपूर वसवलं. त्याच्यामागून आलेल्या चांदसुलतानने तिथे राजधानी नेली. १७३८-३९ च्या सुमारास चांदसुलतान वारला आणि वलीशहाने गादी बळकावली. हाही बख्त बुलंदचाच मुलगा, पण औरस नव्हे. तेव्हा चांदसुलतानच्या राणीने आपल्या मुलांसाठी वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. रघूजींनी मुलांना गादी मिळवून दिली आणि मोबदल्यात पैसा व मुलूख घेतला. पुढे बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा या भावांतच बिनसलं. एकाने निजामाचा हात धरला, दुसऱ्याने पुन्हा रघूजींचा. अकबरशहाला मुलूख सोडावा लागला. बुऱ्हाणशहा नावाचा राजा उरला आणि कारभार भोसल्यांचा झाला. १७५१ मध्ये चांद्याचा नीळकंठशहाही बल्लारपूरच्या किल्ल्यात कैद झाला. तो जुलमी होता, रयत त्याच्या पाठीशी उभी राहिली नाही, असं गॅझेटियरमध्ये आहे. लिहिणारे इंग्रज होते, तेव्हा त्यातलं किती खरं धरायचं ते तुम्ही ठरवा.

आता पोरांचं जर-तर. समजा, राणीने रघूजींना बोलावलं नसतं. समजा, भाऊ भांडले नसते. गोंडांची गादी टिकली असती. आम्हालाही हे चित्र आवडतं. आपल्या लोकांनी किल्ले बांधले, शहरं वसवली, हे शाळेच्या पुस्तकात फारसं येत नाही, म्हणून पोरांना सांगितलंच पाहिजे. पण गादी टिकली म्हणजे जंगल टिकलं असतं का?

याचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर आहे. नागपूरचे तिसरे रघूजी १८५३ मध्ये वारले. पोटचा मुलगा नव्हता, दत्तकाचा हक्क इंग्रजांनी मानला नाही, १८५४ मध्ये राज्य खालसा झालं. बस्तरची गादी मात्र इंग्रज जाईपर्यंत राहिली. तरी तिथलं जंगल राखीव व्हायचं चुकलं नाही. बेगार चुकली नाही. १९१० मध्ये तिथल्या आदिवासींना भूमकाल करावा लागला. नदीच्या अलीकडे राजा गेला, पलीकडे राजा राहिला. जंगल दोन्हीकडे गेलं.

आणि आपला माणूस गादीवर असला म्हणजे तो आपल्याच बाजूने राहील, हेही खरं नाही. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके इंग्रजांविरुद्ध लढले. त्यांना पकडून इंग्रजांच्या हवाली केलं ते अहेरीच्या जमीनदारीणबाईंनी. चांद्याला २१ ऑक्टोबरला त्यांना फाशी झाली. गोंडाला गोंडानेच धरून दिलं. हे सांगताना जीभ जड होते, पण लपवायचं नाही.

मग आमचं जर-तर कोणतं? ऐका. चांद्याच्या गोंड राजांचा एक रिवाज होता. जो जंगल तोडून गाव वसवील, त्याला त्या गावाची सनद. जो तलाव बांधील, त्याला त्या तलावाखाली भिजणारी जमीन. त्याला तुकूम म्हणत. चंद्रपुरात आजही तुकूम नावाची वस्ती आहे. सनद मुखियाच्या नावाने निघायची. माती वाहणाऱ्या बायांचं नाव तिच्यावर नसायचं, हे विसरू नका. तरीही त्यात एक गोष्ट मानलेली होती, की घाम गाळला तर हक्क येतो.

समजा हाच रिवाज पुढे चालला असता, आणि माती वाहणाऱ्यांनाही लागू झाला असता. मग १८७८ चा जंगल कायदा आपल्याला चोर ठरवू शकला नसता. १९५१ मध्ये मालगुजारी-जमीनदारी गेली, तेव्हा त्यांची जंगलं सरकारकडे न जाता गावाकडे आली असती. आज ज्या बांधीबद्दल 'अतिक्रमण' म्हणून नोटीस येते, ती बांधी तुकूम ठरली असती. राजा कोण, हा प्रश्न नव्हता साथींनो. नियम कोणता, हा प्रश्न होता आणि आजही आहे.

गादीचा वारस कोण, यावर लढाया झाल्या आणि त्या सगळ्या लिहून ठेवल्या गेल्या. बोडीचा वारस कोण, हे कोणीच लिहिलं नाही. ते आता आपण लिहायचं. प्रत्येक गावसमितीने वही घालावी. कोणती बोडी कोणी बांधली, कोणती बांधी कोणत्या साली फोडली, कोण कसतं, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहावं. बायांची नावं पुरुषांच्या बरोबरीने लिहावीत. दंडाच्या पावत्या जपाव्यात. गेल्या बैठकीत एका म्हातारीने पेटीतून तीस वर्षांच्या पावत्या काढल्या. आम्हाला म्हणाली, "हे कागद जाळू का?" आम्ही म्हटलं, आजी, जाळू नका. तुम्ही त्या साली तिथे कसत होता, हे त्यांनीच लिहून दिलंय. हीच तुमची सनद.

पोरांनो, रात्री वाद घाला, जरूर घाला. देवगड आणि चांदा एक करा. पण सकाळी वही घेऊन म्हाताऱ्यांकडे जा.

कसेल त्याची जमीन! राखील त्याचं जंगल!