आईचं नाव वहीत लिहू या

(कोथरूड इथे झालेल्या आपल्या महासंघाच्या मेळाव्यातल्या भाषणाचा हा मजकूर. ज्या ताईंना पावसामुळे किंवा लावणीमुळे येता आलं नाही, त्यांच्यासाठी इथे देत आहोत.)



आज मी बचतीचं, कर्जाच्या हप्त्याचं किंवा ऑडिटचं बोलणार नाही. आज आपल्या आयांबद्दल बोलायचं आहे. डोंगरात राहिल्या, डोंगरातच राबल्या आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत डोंगरातच गेल्या, त्या आया.

आधी एक प्रश्न विचारते. मनातल्या मनात उत्तर द्या. तुमच्या आईचं लग्नाआधीचं पूर्ण नाव काय होतं? आणि तिच्या आईचं?

एका गटाच्या बैठकीत हा प्रश्न विचारला तेव्हा तेरा जणींपैकी नऊ जणींना आईचं माहेरचं नाव सांगता आलं. आजीचं नाव फक्त तिघींना माहीत होतं. एक मावशी म्हणाल्या, "आमच्या आईला सगळी वाडी 'बाय' म्हणायची. लग्नात नाव बदललं होतं, पन त्या नावानंबी तिला कुनी हाक मारली नाही." हसत बोलल्या, पण नंतर बराच वेळ गप्प बसल्या.

आता तुम्ही म्हणाल, नाव माहीत नसलं म्हणून काय बिघडलं? आईची माया तर आठवते ना? आठवते. पण माया आठवते आणि माणूस विसरतो, असं होतं. मला आज त्या माणसाबद्दल बोलायचं आहे.

आपण कोथरूडला जमलो, तेही सोयीचंच आहे. इथल्या पौड फाट्यावरून निघालेला रस्ता पौडला जातो, पुढे मुळशीच्या धरणाच्या काठाने ताम्हिणी घाटात आणि तिथून कोकणात उतरतो. याच रस्त्याने आपल्यातल्या कितीतरी जणी खाली आल्या. कुणी करवंदं, जांभळं, रानभाज्या घेऊन आल्या आणि संध्याकाळी परत गेल्या. कुणाच्या लेकी इथे घरकामाला लागल्या आणि डोंगरउतारावरच्या वस्त्यांत राहिल्या. कोथरूडही एके काळी गावच होतं. आज इथे उंच इमारती आहेत, आणि त्यातल्या किती घरांत मुळशीकडच्या बायांच्या हातची भाकरी भाजली जाते, ते तुम्हाला माहीत आहे.

मुळशीचंच उदाहरण घेऊ. शंभर वर्षांपूर्वी टाटा कंपनीने तिथे विजेसाठी धरण बांधायला घेतलं. पन्नासच्या आसपास गावांच्या जमिनी पाण्याखाली जाणार होत्या. 1921 साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचं नाव आपण शाळेत शिकलो. पण त्या सत्याग्रहात मावळातल्या बायाही होत्या. लेकरं घेऊन त्या कामाच्या जागी जाऊन बसल्या, तुरुंगातही गेल्या. त्यातल्या किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील? धरण झालं, भाताची खाचरं पाण्याखाली गेली आणि वीज मुंबईला गेली. काठावरच्या वाड्या मात्र पुढे कितीतरी वर्षं कंदिलाच्या उजेडात राहिल्या. त्या उजेडात ज्यांनी स्वयंपाक केला, त्या आपल्या आज्या आणि पणज्या.

पुढचंही तुम्हाला ठाऊक आहे. खाचरं गेली तसे पुरुष मुंबईला गेले. मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतून कुणी डबेवाला झाला, कुणी हमाल, कुणी गिरणीत लागला. मुंबईचे डबेवाले जगात नावाजले, आपल्याला त्याचा अभिमान आहेच. पण ते मुंबईत डबे पोचवत होते तेव्हा गावाकडे राब कोण भाजत होतं? आवण कोण काढत होतं? डोक्यावर इरलं घेऊन वाकून वाकून लावणी कोण करत होतं? म्हाताऱ्या सासऱ्याचं, चार पोरांचं आणि दोन बैलांचं कोण बघत होतं? 1982 च्या गिरणी संपात मनीऑर्डर बंद झाली, तेव्हा नाचणी आणि वरईवर घर कुणी तगवलं? सरकारी कागदावर शेतकरी म्हणून नाव होतं मुंबईतल्या माणसाचं. शेती करत होती आई.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलते. कडू लागली तरी ऐका. आई गेल्यावर आपण म्हणतो, "आमची आई कधी थकली नाही. कधी तक्रार केली नाही. सगळ्यांना वाढून शेवटी उरलंसुरलं खाल्लं." हे आपण कौतुकाने म्हणतो. पण आई थकत नव्हती हे खरं नाही. ती थकायची, फक्त तिला बसायला कुणी सांगितलं नाही. शेवटी खाल्लं म्हणून तिच्या अंगात रक्त नव्हतं. बाळंतपण घरात झालं, सुईण चांगली होती म्हणून निभावलं, आणि एखाद्या वेळी निभावलं नाही. पावसाळ्यात ओढ्याला पाणी असलं की झोळीत घालून नेलेली बाई दवाखान्यापर्यंत पोचेलच याची खात्री नसायची. हे सगळं "आई देवी होती" या एका वाक्याखाली आपण झाकून टाकतो. देवीला रक्ताच्या गोळ्या लागत नाहीत, तिच्या नावावर जमीनही लागत नाही. माणसाला लागते.

शिवाय आईचं दुःख सहन करणं हाच तिचा मोठेपणा ठरवला, की सुनेकडून आणि लेकीकडूनही आपण तीच अपेक्षा करतो. "आम्ही नाही का केलं?" हे वाक्य कुणाच्या घरात ऐकलं नाही, तिने हात वर करा. मेळाव्यात एकही हात वर आला नाही!

म्हणून आईची आठवण काढायची तर खरी काढू या. ती काय सोसत होती ते लिहू आणि तिला काय येत होतं तेही लिहू.

आपल्या आयांना काय येत होतं? कोणत्या उतारावर नाचणी धरते आणि कुठे वरई, ते येत होतं. बी राखेत घालून मडक्यात कसं ठेवायचं ते येत होतं. कोणती रानभाजी पहिल्या पावसानंतर खायची, कोणती शिजवून पाणी टाकून मगच खायची, ते येत होतं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे तुम्हाला माहीत आहेत. शाळेत न गेलेल्या, डोंगरातल्या बाई. त्यांनी गावरान बियाणं जपलं, बियाण्यांची बँक उभी केली आणि 2020 साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. राहीबाईंचं कौतुक करायचंच. पण प्रत्येक वाडीत बी राखणारी एखादी तरी बाई होती. तिच्या मडक्यातलं बी तिच्याबरोबर गेलं, कारण विचारायला आणि लिहून घ्यायला कुणी आलं नाही.

आणि आपल्या आयांना ओव्या येत होत्या. पहाटे उठून दळताना जात्यावर त्या गायच्या. आईवर, भावावर, सासरवर, सीतेवर, विठ्ठलावर, आणि कितीतरी जणी बाबासाहेबांवरही. दिवसभर जे तोंडातून काढता येत नव्हतं, ते जात्यापाशी निघायचं. तिथे ऐकायला फक्त दुसरी दळणारी असायची. आपल्या आयांनी तक्रार केली नाही असं म्हणणाऱ्यांनी त्या ओव्या ऐकाव्यात.

पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी प्वातवँ या दोघांनी हे फार आधी ओळखलं. मुळशी-मावळच्या डोंगरी गावांत गरीब डोंगरी संघटनेचं काम चालायचं. त्या कामातूनच जात्यावरच्या ओव्या गोळा करायला सुरुवात झाली. गावातल्या बायाच दुसऱ्या गावातल्या बायांकडे जाऊन बसल्या, ऐकलं, लिहून घेतलं. असं करत महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमा झाल्या. हेमाताई आणि प्वातवँ आज नाहीत. पण त्या ओव्या आता 'पारी' या संकेतस्थळावर आहेत आणि मोबाईलवर ऐकता येतात. त्यातली मला सगळ्यात आवडलेली गोष्ट सांगू? ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. "एक ग्रामीण स्त्री" असं लिहून भागवलेलं नाही. तुमच्या गावाचं नाव शोधून बघा. न जाणो, तुमच्याच आजीचा आवाज सापडेल.

गावात पिठाची गिरणी आली आणि जातं कोपऱ्यात गेलं. ते बरंच झालं, आईचे खांदे सुटले. जातं परत आणा असं मी म्हणत नाही. पण त्या दळण्याबरोबर बोलायची जागाही गेली. आपल्या गटाची बैठक ही ती जागा होऊ शकते, असं मला वाटतं.

आता कागदाचं बोलते, कारण आठवण नुसती मनात ठेवून चालत नाही.

एक, महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या बाळाच्या कागदपत्रांत आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि मग आडनाव, असा क्रम ठरला आहे. तुमच्या घरात नातवंड झालं असेल तर दाखला काढताना आईचं नाव नीट, शुद्ध लिहिलं आहे ना ते बघा. आपल्या आयांचं नाव राहून गेलं, आता लेकीचं आणि सुनेचं राहू देऊ नका.

दोन, रेशनकार्ड. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई कुटुंबप्रमुख धरली आहे. तुमच्या कार्डावर कुणाचं नाव पहिलं आहे?

तीन, घर आणि जमीन. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 वर नवऱ्याबरोबर बायकोचंही नाव लावता येतं. सातबाऱ्यावर नवऱ्याच्या संमतीने बायकोचं नाव लावण्यासाठी 1992 पासून लक्ष्मी मुक्ती योजना आहे. किती जणींनी अर्ज केला?

चार, आई गेली तर तिच्या मृत्यूची नोंद 21 दिवसांच्या आत करा. वाडीवर मरण आलं की "म्हातारीचा दाखला कशाला" म्हणून राहून जातं. पुढे वारस नोंदीला तोच दाखला मागतात. आणि वारस नोंदीच्या वेळी भावाने हक्कसोड पत्र पुढे केलं, तर वाचल्याशिवाय अंगठा किंवा सही करू नका. हक्क सोडायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर आहे, सक्ती नाही. भावाशी भांडा असं मी म्हणत नाही. पण काय सोडतोय ते तरी कळू दे. ज्या खाचरात आईने आयुष्य वाकून काढलं, तिथे लेकीचं नाव निदान विचारात तरी घेतलं जावं.

आता काम सांगते. कोऱ्या पानांची एक वही घ्या. प्रोसिडिंगची नको, वेगळी. वरती लिहा, "आमच्या आया". दर महिन्याच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एकीने दहा मिनिटं आपल्या आईबद्दल बोलायचं. जिला लिहिता येतं तिने लिहून घ्यायचं. लिहिणारी नसेल तर मोबाईलवर रेकॉर्ड करा, पुढच्या भेटीत आम्ही लिहून देऊ. वर्षाला बारा आया होतील.

काय विचारायचं?

लग्नाआधीचं नाव, लग्नानंतरचं नाव, माहेरचं गाव. लग्न कितव्या वर्षी झालं. किती बाळंतपणं झाली, किती लेकरं जगली, सुईण कोण होती. कोणतं शेत ती बघायची, कोणतं बी राखायची. हातात स्वतःचा पैसा कधी आला आणि त्यातून तिने पहिल्यांदा काय घेतलं. कशावर हसायची. कशाचा राग यायचा. तिला काय व्हायचं होतं, कुठे जायचं होतं. आजारपण काय होतं, दवाखान्यात नेलं का. गेली ती कशाने.

काही गोष्टी सांगताना रडू येईल. येऊ दे. घाई करू नका. एखादीला एखादी गोष्ट सांगायची नसेल तर सांगू नये, आणि सांगूनही लिहायची नसेल तर लिहू नये. वही गटाची आहे, तिच्या परवानगीशिवाय ती बाहेर दाखवायची नाही. आणि ज्यांची आई अजून हयात आहे, त्यांनी इतरांना नका सांगू, आधी आईलाच विचारा. "आई, तुला काय व्हायचं होतं?" हा प्रश्न तिला बहुतेक आयुष्यात कुणी विचारलेला नसेल. ती आधी "काय येड्यावानी विचारतेस" म्हणेल. थांबा. ती सांगेल.

मघाशी ज्या मावशींचं सांगितलं, त्यांनी घरी गेल्यावर मामाला फोन केला. मामा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी बहिणीचं माहेरचं नाव सांगितलं, आणि ती लहानपणी गुरं राखताना झाडावर चढून कशी बसायची तेही सांगितलं. पुढच्या बैठकीत मावशींनी ते नाव मोठ्याने उच्चारलं. वाडीतल्या 'बाय'ला तेव्हा पहिल्यांदा नाव मिळालं, नि झाडावर चढणारी एक पोरगी आम्हा सगळ्यांना दिसली.

पुढच्या महिन्यात मी तुमच्या गटात येईन तेव्हा बचतीच्या वहीबरोबर ही वहीसुद्धा काढून ठेवा. पहिल्या पानावर कुणाची आई असेल, ते आजच घरी जाताना गाडीत ठरवा.