पाण्याआधी निरोप पोहोचावा

(पूरपूर्व तयारीविषयीच्या भाषणाचा मजकूर)



कोयना धरण सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात आहे. त्यातून सोडलेल्या पाण्याची चिंता मात्र सांगलीच्या आयर्विन पुलापर्यंत पोहोचते. कऱ्हाडच्या प्रीतिसंगमावर कोयना कृष्णेस मिळते आणि सांगलीनजीक हरिपूर येथे वारणेचे पाणी तिच्यात येते. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्यातून दक्षिण सातारा जिल्हा वेगळा करण्यात आला व १९६० मध्ये त्यास सांगली हे नाव मिळाले. प्रशासनाच्या सोयीसाठी जिल्हे दोन झाले, नदी मात्र एकच राहिली. म्हणूनच वरच्या जिल्ह्यातील विसर्गाची वार्ता खालच्या जिल्ह्यातील शेवटच्या गावास वेळेवर कळणे, हा केवळ तांत्रिक सोयीचा नव्हे, तर जीविताच्या रक्षणाचा प्रश्न ठरतो.

आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी मानली जाते. २००५ मध्ये कृष्णेने तेथे ५३ फूट ओलांडले, २०१९ मध्ये ५७ फूट, तर २०२१ मध्ये ५४ फूट. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट उलटून अनेकांना प्राण गमवावे लागले. रस्ता पाण्याखाली जाण्यापूर्वी गाव सोडता आले, तर बोटीवर विसंबण्याची वेळच कमी येते. त्यासाठी हाती असलेले काही तास हीच गावाची खरी संपत्ती होय.

माहिती आहे, तिला गती हवी

माहितीचा अभाव आहे, असे नाही. जलसंपदा विभागाने कृष्णा व भीमा खोऱ्यांत पर्जन्य आणि पाणीपातळी मोजणारी स्वयंचलित यंत्रणा उभारली असून तिच्या नोंदी संकेतस्थळावर पाहता येतात. जिल्ह्यांची संकेतस्थळे राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या समान व्यवस्थेवर चालतात. अशा मजकूर व्यवस्थापन प्रणालीत कर्मचारी मजकूर नोंदवितो, अधिकारी त्यास मान्यता देतो आणि तो पृष्ठावर प्रसिद्ध होतो. सूचना, निविदा, शासन निर्णय यांकरिता ही पद्धत उत्तम आहे.

परंतु साधे पृष्ठ हे कार्यालयाबाहेरील सूचनाफलकासारखे असते. वाचणारा तेथे गेला, तरच त्यास कळते. तासाभराने मजकूर बदलला, तरी पुन्हा पृष्ठ उघडल्याखेरीज बदल दिसत नाही. मध्यरात्री विसर्ग वाढला, तर झोपलेले गाव संकेतस्थळ पाहणार नाही. तात्काळ संदेशाची जोड येथेच आवश्यक ठरते. २०११ मध्ये प्रमाणित झालेल्या ‘वेबसॉकेट’ या पद्धतीत वाचकाचे यंत्र व सर्व्हर यांच्यातील मार्ग खुला राहतो. नवी नोंद होताच ती न मागता समोर येते, आणि त्याच मार्गाने वाचकाकडून उत्तरही जाऊ शकते. पृष्ठ उघडे नसलेल्यांकरिता तीच नोंद भ्रमणध्वनीवर लघुसंदेश म्हणून धाडता येते.

जोडणी करताना घ्यावयाची दक्षता

पहिली गोष्ट, नोंद एकदाच व्हावी. संकेतस्थळासाठी वेगळी, लघुसंदेशासाठी वेगळी आणि वृत्तपत्रांसाठी तिसरी अशी नोंद केली, की आकड्यांत तफावत पडते व अफवांना वाव मिळतो. मान्यता मिळालेली एकच नोंद सर्व मार्गांनी जावी. सातारा व सांगली या दोन्ही जिल्ह्यांस ती एकाच क्षणी मिळावी.

दुसरी गोष्ट, प्रत्येक संदेशावर वेळ, दिनांक व पाठविणाऱ्या कार्यालयाचे नाव असावे. कालचा विसर्ग आज फिरू लागला, तर लोक विनाकारण धावतात आणि खऱ्या इशाऱ्यावरचा त्यांचा विश्वास उडतो.

तिसरी गोष्ट, भाषा गावाची असावी. कोयनेच्या पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक पाणी सोडले, या वाक्याचा अर्थ अभियंत्यास कळतो. ग्रामस्थास मात्र पाणी आपल्या घाटाच्या कोणत्या पायरीस लागेल, कोणता रस्ता बंद होईल आणि जनावरे केव्हा हलवावीत, हे कळावयास हवे.

चौथी गोष्ट, पोहोच मिळावी. ग्रामपंचायतीने ‘निरोप मिळाला’ असे कळविले नाही, तर ठरावीक वेळेनंतर नियंत्रण कक्षाने दूरध्वनी करावा. अशी दुहेरी सोय असल्यास भिलवडीच्या घाटावर चढलेले पाणी तेथूनच कक्षास कळविता येईल.

यंत्राच्या मर्यादा

महापुरात वीज जाते आणि भ्रमणध्वनीचे मनोरेही बंद पडतात. २०२३ मध्ये देशभर चाचणी झालेली सेल ब्रॉडकास्टची पद्धत विशिष्ट क्षेत्रातील सर्व चालू मोबाईलवर एकाच वेळी इशारा देते. परंतु तीही मनोऱ्यांवरच अवलंबून असते. म्हणून गावातील ध्वनिक्षेपक, मंदिर व मशिदीवरील कर्णे आणि दवंडी यांना निवृत्त करणे शहाणपणाचे नाही. पडद्यावर आलेला संदेश मोठ्याने वाचून दाखविणारी व्यक्ती गावाने आधीच नेमावी, तसेच ती नसल्यास दुसरी कोण, हेही ठरवावे.

या कामी शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल. पूर्वीच्या पुरांच्या खुणा विद्यार्थ्यांकडून नोंदवून घेतल्या व शाळेच्या भिंतीवर फुटांत रेखाटल्या, तर संदेशातील आकडा घरोघर समजू लागेल. नदीकाठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीने पावसाळ्यापूर्वी, मे महिन्यातच, रात्रीच्या वेळी एक चाचणी संदेश मागवावा आणि तो शेवटच्या घरी किती वेळात पोहोचला, याची नोंद ग्रामसभेपुढे ठेवावी. ज्या वस्तीस तो उशिरा मिळाला, तेथील व्यवस्था जून उजाडण्यापूर्वी सुधारणे हे त्या सभेचे पहिले काम ठरावे.