भाडेवाढीचा भार कोणावर?



ऑक्टोबर 2023 मध्ये इंडिगोने विमानाच्या तिकिटावर अंतरानुसार 300 ते 1000 रुपयांचा इंधन-अधिभार बसवला. इंधन उतरताच जानेवारी 2024 मध्ये तो मागेही घेतला. एस.टी.चे भाडे जानेवारी 2025 मध्ये 14.95 टक्क्यांनी वाढले. विमानप्रवाशाला दुसरी कंपनी असते. सावलीहून गडचिरोलीच्या दवाखान्यात निघालेल्या शेतमजुराला रेल्वेही नाही.

भाडेवाढीचे समर्थन करताना डिझेलबरोबर कामगारांच्या वेतनाकडे बोट दाखवले जाते आणि श्रमिकच श्रमिकासमोर उभा केला जातो. 2021-22 च्या संपात एस.टी. कर्मचाऱ्यांनी शासनात विलीनीकरण मागितले. त्या मागणीचा आर्थिक अर्थ एवढाच, की वेतनाचा भार शासनाने उचलावा, प्रवाशाने नव्हे. म्हणूनच भाडेवाढीविरुद्ध पहिला आवाज कामगार संघटनेचा उठला पाहिजे.