धुणीभांडी करणाऱ्या बाईची फुलं



आज एका चित्रकार बाईविषयी सांगते. सेराफिन लुई, फ्रान्समधली, जन्म १८६४ चा. लहानपणीच आईबाप गेले. पुढे सेनलिस गावात ती लोकांच्या घरी धुणीभांडी, झाडलोट करायची. चित्रकला कुणी शिकवली नाही. दिवसभर राबून रात्री ती फुलं, पानं, फळं रंगवायची. १९१२ मध्ये विल्हेल्म ऊडे या चित्रांच्या जाणकारानं शेजाऱ्यांकडे सफरचंदांचं एक चित्र पाहिलं. चौकशी केली, तर ते त्याच्याच घरी कामाला येणाऱ्या सेराफिनचं निघालं!

अशी चित्रं पाहायची कशी? फूल हुबेहूब आहे का, सावली बरोबर पडली का, हे तपासू नका. पानावर पान, फुलावर फूल किती दाट भरलंय ते बघा. पाकळ्यांवर डोळ्यांसारखे ठिपके दिसतात. जणू झाडच आपल्याकडे बघतंय. तिला फूल जसं जाणवलं, तसं तिनं काढलं.

मनाच्या आजारात, इस्पितळातच १९४२ मध्ये ती वारली. तिची चित्रं आज सेनलिसच्या संग्रहालयात आहेत.

आपल्याकडेही कुणी भिंतीवर पळस रंगवते, कुणी अभ्र्यावर वेल भरते. विचारलं की म्हणते, "मला काय येते जी!" गटाच्या पुढच्या बैठकीत अशी एकेक वस्तू आणा, नीट पाहा. विकायची असेल तर कापड-दोऱ्यासोबत हाताची मजुरीही धरा, आणि करणारीचं नाव लिहा. सेराफिनही चित्रावर आपलं नाव घालायची.