मुलींचीं लग्नें लवकर कां होतात?
(गांवकऱ्यांपुढें दिलेलें भाषण)



लहान वयांत मुलगी उजविणें ही आमच्या जातींची खोडच आहे, असें कांहीं शहाणे म्हणतात. आम्हांस तें मान्य नाहीं. कुणबी-मराठे कोंकणांत आहेत व मराठवाड्यांतही आहेत. मग दोहोंकडे रीत निराळी कां?

सन २०१९ ते २१ च्या सरकारी कुटुंब-पाहणींत वीस ते चोवीस वर्षांच्या स्त्रियांचा हिशेब घेतला. अठराच्या आंत लग्न झालेल्या महाराष्ट्रांत शेंकडा २२ निघाल्या. पण परभणींत ४८ व बीडांत ४४. कोंकणांत हें प्रमाण फार कमी आहे.

कोंकणांत जमीन थोडी, म्हणून पुरुष मुंबईच्या गिरण्यांत गेले. घर मनिऑर्डरीवर चाललें. चाकरी लागल्यावांचून मुलाचें लग्न जमेना. चाकरीस अक्षर लागतें, म्हणून शाळेची किंमत लोकांस कळली.

बीडकडे पाऊस दगा देतो, म्हणून कुटुंबें ऊसतोडीस जातात. तेथें ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती जोडीला. एकटा गडी अर्धा कोयता. मग मुलगा कमावता झाला कीं त्याला बायको हवीच. इकडे मुलीला बरोबर न्यावी तर शाळा तुटते. मागें ठेवावी तर जिवाला घोर. शिवाय मुलगी थोर झाली व शिकली कीं हुंडा वाढतो. दसऱ्यानंतर आमच्या हजेरीपटावर तिचें नांव असतें, ती मात्र नसते.

कायदा नवा नाहीं. बडोद्यांत सयाजीराव महाराजांनीं तो १९०४ सालीं केला. सारडा कायदा १९२९ सालीं झाला. मुलीचें वय अठरा १९७८ सालीं ठरलें. परंतु पोटाचा हिशेब बदलल्यावांचून नुसत्या कायद्यानें काय होणार?

म्हणून दसऱ्यापूर्वीं गांवानें बसून तोडीस जाणाऱ्या घरांतील मुलींची यादी करावी. त्यांच्यासाठीं हंगामी वसतिगृह मागावें. तें मिळेपर्यंत आजी-चुलतीच्या घरीं त्यांची सोय लावावी. उचल माणशीं मिळावी, जोडीला नव्हे, असें मुकादमास एकजुटीनें सांगावें. हुंडा मागणाऱ्याच्या मांडवांत पाऊल ठेवूं नये. एवढ्यावरही कोणी लग्न ठरविलेंच, तर १०९८ ह्या क्रमांकावर फोन करून तें थांबवावें.

मुलगी ओझें नव्हे. तिला दहावीपर्यंत बाकावर बसूं द्या, एवढेंच आमचें मागणें आहे.