सरव्यावरचा हक्क

(संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत केलेले भाषण)



वर्षभराचा जमाखर्च आपल्यापुढे मांडून झाला आहे. त्यानंतर पवित्र शास्त्रातील न्यायाविषयी चार शब्द बोलावेत, अशी सूचना आम्हांस करण्यात आली. हिशेबानंतर न्यायाचा विषय यावा, हे आम्हांस योग्यच वाटते. कारण बायबलमध्ये न्यायाची चर्चा न्यायासनापुढे होते, त्याहून अधिक ती शेतात, बाजारात आणि मजुरी वाटण्याच्या वेळी होते.

लेवीय या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेतकऱ्याला आज्ञा आहे की, कापणी करताना शेताच्या कडा साफ कापू नयेत आणि पडलेला सरवा वेचू नये. तो गरिबांसाठी व उपऱ्यांसाठी राहू द्यावा. वाशीम जिल्ह्यात 'सरवा' या शब्दाचा अर्थ सांगण्याची गरज नाही. दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीन निघाले की मोकळ्या वावरात शेंगा वेचणाऱ्या बायाबापड्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. बायबलमधील आज्ञेचे मर्म असे की, हा सरवा मालकाने दिलेली भिक्षा नव्हे. कडेचे पीक त्याच्या जमिनीत उभे असले, तरी त्यावर हक्क दुसऱ्याचा आहे. त्याने ते कापून घरी नेले आणि मग त्यातील पायलीभर धान्य दारी आलेल्यास घातले, तर लोक त्याला दानशूर म्हणतील; आज्ञा मात्र मोडलेलीच राहील.

इब्री भाषेतील 'त्सेदाका' हा शब्द येथे आठवतो. मूळ शास्त्रात त्याचा अर्थ नीतिमत्त्व असा आहे, आणि न्यायवाचक 'मिश्पाट' या शब्दाबरोबर तो वारंवार जोडीने येतो. पुढील काळात यहुदी समाजात हाच शब्द गरिबास दिलेल्या साहाय्यासाठी रूढ झाला. देणे हे न्यायाहून वेगळे, वरचे असे काही आहे, हा आपला समज त्या शब्दाला ठाऊकच नाही.

रूथची कथा आपणांपैकी पुष्कळांना परिचित असेल. परक्या मवाब देशातून आलेली ही विधवा बवाजाच्या शेतात सरवा वेचू लागते. बवाज आपल्या गड्यांना सांगतो की, पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम गळू द्या आणि तिला लाजवू नका. या दुसऱ्या सूचनेकडे आम्ही विशेष लक्ष वेधू इच्छितो. हक्क कागदावर असतो, पण तो घेण्यास आलेल्या माणसाची मान खाली जाईल अशी वागणूक मिळाली, तर तो पुन्हा येत नाही.

आता आपल्या घरचे पाहू. मुंबई उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेनुसार २००६ पासून महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी सवलतीच्या दराने राखून ठेवावयाच्या आहेत. त्यासाठी बिलांच्या एकूण रकमेतून २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत वेगळी काढावी लागते. तातडीच्या रुग्णास अनामत रकमेसाठी अडवता येत नाही. या योजनेकडे शासकीय बोजा म्हणून पाहणारी मंडळी आहेत. आम्हांस तीत शेताची कडा दिसते. जमीन आपली, बांधकाम आपल्या देणग्यांचे, परंतु त्या खाटा आपल्या नव्हेत. म्हणून अहवालात 'मोफत सेवा दिली' असे छापताना आमची लेखणी थोडी अडखळते.

याची निकड या जिल्ह्यात अधिक आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला वाशीम जिल्हा २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमधील विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत होता आणि २०१८ मध्ये आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. शेती बहुतांशी पावसावर. अशा घरात कोणी आजारी पडले की आधी बैलजोडी विकली जाते, मग अंगावरचे सोने सावकाराकडे जाते, आणि राखीव खाटेची चौकशी, झालीच तर, सर्वांत शेवटी होते.

गहाणाविषयी शास्त्र फार स्पष्ट आहे. अनुवाद या पुस्तकाच्या चोविसाव्या अध्यायात जाते किंवा त्याची वरची तळीही गहाण घेऊ नये असे सांगितले आहे. कारण ते घेणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे, १९०८, कलम ६० पाहिले तर आश्चर्य वाटते. न्यायालयाच्या जप्तीतूनही शेतीची अवजारे, उपजीविकेस आवश्यक गुरे व बियाणे, कारागिराची हत्यारे, स्वयंपाकाची भांडी आणि धर्मरूढीनुसार स्त्रीने अंगावेगळे करू नयेत असे दागिने वगळलेले आहेत. कायदा ज्या मंगळसूत्राला हात लावीत नाही, ते रुग्णालयाच्या बिलापायी मोडले जाते, ही गोष्ट विश्वस्तांनी आपल्या बैठकीत अवश्य विचारात घ्यावी.

नहेम्याच्या पाचव्या अध्यायातील प्रसंग तर विदर्भातील वाटावा असा आहे. दुष्काळात धान्यासाठी आणि राजाच्या करासाठी लोकांनी शेते, द्राक्षमळे, घरे गहाण टाकली. मुलेमुली दास्यात गेली. सावकार परके नव्हते, आपलेच बांधव होते. व्याज शेकडा एक, आणि अभ्यासक ते दरमहाचे समजतात. म्हणजे आपल्या खेड्यांत आजही चालते तीच शेकड्याची भाषा. नहेम्याने केवळ उपदेश केला नाही. त्याने सभा बोलावली, आपण व आपले भाऊबंदही कर्ज देत आहोत हे सर्वांसमक्ष सांगितले, शेते त्याच दिवशी परत करण्याची मागणी केली आणि याजकांसमोर शपथ घ्यावयास लावली.

मजुरीविषयी थोडक्यात. अनुवादाच्या त्याच अध्यायात रोजंदाराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी द्यावी अशी आज्ञा आहे, कारण तो गरीब आहे आणि त्याचे मन तिच्यावर लागलेले असते. रुग्णालयात वॉर्ड झाडणारे, कपडे धुणारे, रात्रपाळीचे पहारेकरी कंत्राटदारामार्फत नेमलेले असले, तरी त्यांच्या पगाराची तारीख आपल्याला ठाऊक असली पाहिजे. देणगीदारांनीही हा प्रश्न आम्हांस मोकळेपणाने विचारावा. नव्या यंत्राविषयी विचारतात तितक्याच आस्थेने.

उपस्थित नातेवाईकांसाठी एक सूचना करून थांबतो. राखीव खाटेसाठी पिवळी शिधापत्रिका, दारिद्र्यरेषेखालील कार्ड किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला यांपैकी जे जवळ असेल ते घेऊन समाजसेवा कक्षात यावे. रुग्णास आधी दाखल करावे, कागद मागाहून आणले तरी चालतील. अर्ज लिहिता येत नसेल तर तेथील कर्मचारी तो लिहून देतील, आणि अंगठा घेण्यापूर्वी वाचूनही दाखवतील.